एसटीएम३२क्यूबआयडीईमधले प्रोजेक्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एसटीएम३२क्यूबआयडीई म्हणजे एसटी कंपनीच्या एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलर चिपांसाठी कोड लिहायची, बिल्ड आणि डीबग करायची आयडीई. उदाहरणांसाठी दोन स्वस्त, सगळीकडे मिळणारे बोर्ड घेतले आहेत: ब्लू पिल (चिप एसटीएम३२एफ१०३सी८, ६४ केबी फ्लॅश, २० केबी रॅम) आणि ब्लॅक पिल (चिप एसटीएम३२एफ४११सीई, ५१२ केबी फ्लॅश, १२८ केबी रॅम). मेनूंची आणि फाइलींची नावे इथे देवनागरीत आहेत, स्क्रीनवर ती इंग्रजीत दिसतील. आवृत्ती २.० पासून क्यूबएमएक्स (पिना, क्लॉक निवडले की सुरुवातीचा कोड लिहून देणारे साधन) हे आयडीईतून वेगळे झाले आहे. त्यामुळे नव्या आवृत्तीत .आयओसी फाइल (त्या निवडींची नोंद) वेगळ्या खिडकीत उघडेल, पण खालचे नियम तेच राहतात.

१. वर्कस्पेस आणि प्रोजेक्ट यांत फरक काय? मला तर दोन्ही फोल्डरच दिसतात.

वर्कस्पेस ही फक्त तुमची बैठक आहे: कोणते प्रोजेक्ट उघडे, खिडक्या कुठे, आवडीनिवडी काय. ही माहिती '.मेटाडेटा' नावाच्या लपलेल्या फोल्डरात राहते आणि ती दुसऱ्याला द्यायची नसते. प्रोजेक्ट म्हणजे ज्या फोल्डरात .प्रोजेक्ट आणि .सीप्रोजेक्ट या फाइली आहेत ते फोल्डर. ते वर्कस्पेसच्या आत असायलाच हवे असे नाही, दुसऱ्या ड्राइव्हवर असले तरी चालते.

प्रत्येक उत्पादनासाठी किंवा प्रत्येक क्लायंटसाठी वेगळी वर्कस्पेस ठेवा. एकाच वर्कस्पेसमध्ये वीस प्रोजेक्ट उघडे ठेवले की इंडेक्सर (एडिटरसाठी कोडची सूची बनवणारा भाग) रांगतो आणि भलताच प्रोजेक्ट बिल्ड होतो (प्रश्न १२).

२. प्रोजेक्टमध्ये इतक्या फाइली कशाला? कुठली कोणाच्या ताब्यात असते?

बहुतेक घोळ इथेच सुरू होतात, कारण एका प्रोजेक्टला दोन मालक आहेत.

पहिला मालक .आयओसी. पिना, क्लॉक, यूएआरटी (सीरियल पोर्ट), टायमर, डीएमए (सीपीयूशिवाय डेटा हलवणारा भाग) आणि लायब्ररीची आवृत्ती तो ठरवतो. 'जनरेट कोड' दाबले की तो कोअर आणि ड्रायव्हर्स या फोल्डरांतल्या फाइली लिहितो. दुसरा मालक .सीप्रोजेक्ट. कंपायलरचे पर्याय, इन्क्लूड पाथ, सिम्बॉल, डीबग आणि रिलीज ही कॉन्फिगरेशन, लिंकर स्क्रिप्ट (कोड मेमरीत कुठे बसवायचा ते सांगणारी फाइल) कुठली घ्यायची, हे सगळे त्याच्याकडे. प्रॉपर्टीजच्या खिडकीत तुम्ही जे बदलता ते इथे उतरते.

बाकीच्यांचे थोडक्यात: .प्रोजेक्टमध्ये नाव आणि लिंक केलेली फोल्डरे, .एमएक्सप्रोजेक्टमध्ये जनरेटरने काय काय लिहिले याची नोंद, .एलडी ही लिंकर स्क्रिप्ट. डीबग नावाचे फोल्डर बिल्डमधून तयार होते. ते बिनधास्त उडवा, पुढच्या बिल्डला परत येईल. त्यातल्या मेकफाइलमध्ये हाताने काही बदलू नका, तेही पुसले जाते.

३. नवा प्रोजेक्ट सुरू करताना कोड लिहिण्याआधी काय काय सेट करायचे?

पाच गोष्टी, .आयओसी उघडून याच क्रमाने:

- एसवायएसमध्ये डीबग 'सीरियल वायर' करा. हे विसरल्यास काय होते ते प्रश्न १० मध्ये आहे.
- बोर्डवर क्रिस्टल असेल तर आरसीसीमध्ये (क्लॉकचा विभाग) एचएसईला (बाहेरचा क्लॉक) 'क्रिस्टल/सिरॅमिक रेझोनेटर' निवडा.
- क्लॉक कॉन्फिगरेशनमध्ये क्रिस्टलची खरी फ्रीक्वेन्सी लिहा. ब्लू पिलवर ८, ब्लॅक पिलवर २५ मेगाहर्ट्झ असते. तरी क्रिस्टलच्या डबीवरचा आकडा एकदा डोळ्यांनी वाचा (प्रश्न १३).
- प्रोजेक्ट मॅनेजर → कोड जनरेटरमध्ये 'कॉपी ओन्ली द नेसेसरी लायब्ररी फाइल्स' निवडा. 'ॲड ॲज रेफरन्स' निवडलेत तर लायब्ररी तुमच्या यूझर फोल्डरातच राहते आणि प्रोजेक्ट दुसऱ्या मशीनवर बिल्ड होत नाही.
- त्याच पानावर प्रत्येक पेरिफेरलसाठी (यूएआरटी, टायमर असे चिपमधले भाग) .सी/.एच फाइलींची वेगळी जोडी मागा. मेन डॉट सी हजार ओळींची होत नाही.

प्रोजेक्टच्या पाथमध्ये स्पेस किंवा देवनागरी अक्षरे नकोत. विंडोजवर यूझरचे नावच मराठीत असेल तर वर्कस्पेस सरळ सी ड्राइव्हच्या मुळाशी, छोट्या इंग्रजी नावाच्या फोल्डरात करा. आपोआप क्लाउडवर सिंक होणारे फोल्डरही टाळा, कारण बिल्ड चालू असताना सिंक करणारा प्रोग्राम फाइल धरून बसतो.

४. कोड जनरेट केला आणि माझ्या ओळी गायब! परत मिळतील का?

फाइल आयडीईतच लिहिली असेल तर बहुधा मिळतील. फाइलवर राइट क्लिक → कम्पेअर विथ → लोकल हिस्टरी. तारीख-वेळेनुसार जुन्या प्रती दिसतील, हव्या त्या ओळी उचला. दुसऱ्या एडिटरमध्ये लिहिले असेल तर तिथे काही सापडणार नाही.

जातात का, तर जनरेटर फक्त 'यूझर कोड बिगिन' आणि 'यूझर कोड एंड' या कॉमेंटच्या मधले राखतो. 'एंड'च्या खाली एक ओळ घसरली तरी ती गेली. त्या कॉमेंटचे शब्द बदललेत, कॉमेंट पुसलीत, तरी आतला कोड जातो. आणखी एक खाच: .आयओसीमधून एखादे पेरिफेरल काढून टाकले तर त्याच्या इनिट फंक्शनबरोबर तिथला तुमचा यूझर कोडही जातो. 'जरा यूएआरटी बंद करून बघू' म्हणत हे हमखास होते.

पक्का उपाय म्हणजे स्वतःचे सगळे ॲप डॉट सी नावाच्या वेगळ्या फाइलीत लिहायचे. त्यात दोन फंक्शन, एक सेटअपचे आणि एक लूपचे. मेन डॉट सीच्या यूझर कोडमध्ये त्यांचे फक्त दोन कॉल. जनरेटर तुमच्या फाइलीला हात लावत नाही.

५. मित्राने झिप पाठवली. इंपोर्टच्या यादीत प्रोजेक्ट दिसतो, पण टिकच करता येत नाही.

त्याच नावाचा प्रोजेक्ट तुमच्या वर्कस्पेसमध्ये आधीच आहे, भले तो बंद असेल. फोल्डराचे नाव बदलून काही होत नाही, कारण आयडीई .प्रोजेक्ट फाइलीतले नाव वाचते. आधीच्याचे नाव बदला किंवा नव्या वर्कस्पेसमध्ये इंपोर्ट करा.

योग्य रस्ता: फाइल → इंपोर्ट → जनरल → एक्झिस्टिंग प्रोजेक्ट्स इन्टू वर्कस्पेस. झिप आधी उलगडून घ्या. 'कॉपी प्रोजेक्ट्स इन्टू वर्कस्पेस'ची टिक जपून करा: केलीत तर मूळ फोल्डर जिथल्या तिथे राहते आणि तुम्ही प्रतीत बदल करता. गिटमधून आणलेल्या प्रोजेक्टला ही टिक कधीच नको.

यादी अगदी रिकामी असेल तर पाठवणाऱ्याकडून बिंदूने सुरू होणाऱ्या फाइली राहिल्या आहेत. लपलेल्या असतात, निवडताना सुटतात.

६. चालू प्रोजेक्टची कॉपी करून त्यावर नवा सुरू करायचा आहे. नुसते कॉपी-पेस्ट चालेल?

चालेल, पण आयडीईच्या प्रोजेक्ट एक्सप्लोररमध्ये करा, विंडोजच्या फोल्डरात नको. प्रोजेक्टवर कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही, नवे नाव द्या. मग आतली .आयओसी फाइल अजून जुन्याच नावाची असते, तिचे नाव प्रोजेक्टच्या नावासारखेच करा. हे राहिले तर कोड जनरेट करताना गोंधळ ठरलेला. डीबग फोल्डर पुसा. जुनी .लाँच फाइल (डीबगची सेटिंग) कॉपी झाली असेल तर तीही पुसा, नाहीतर नव्या प्रोजेक्टमधून जुनी ईएलएफ फाइल (बिल्डमधून निघालेला प्रोग्राम) बोर्डवर जाईल.

जुना प्रोजेक्ट काढताना 'डिलीट प्रोजेक्ट कंटेंट्स ऑन डिस्क' ही टिक नीट वाचा. टिक नसेल तर तो फक्त यादीतून जातो. टिक असेल तर डिस्कवरून जातो.

७. 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' येते. फाइल तर समोर दिसतेय! ती गेली की 'अनडिफाइन्ड रेफरन्स' येते.

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि दोघींचे औषध वेगळे.

पहिली कंपायलरची. हेडर कुठल्या फोल्डरात शोधायचा हे त्याला माहीत नाही. फोल्डरवर राइट क्लिक → ॲड/रिमूव्ह इन्क्लूड पाथ. हाताने लिहायचा असेल तर प्रॉपर्टीज → सी/सी++ बिल्ड → सेटिंग्ज → एमसीयू जीसीसी कंपायलर → इन्क्लूड पाथ्स. पाथ दोन बिंदू आणि तिरकी रेघ यांनी सुरू करा, कारण बिल्ड डीबग फोल्डरात उभे राहून चालते आणि तिथून एक पायरी वर यावे लागते. सी ड्राइव्हपासूनचा पूर्ण पाथ लिहिलात तर तो फक्त तुमच्याच मशीनवर चालेल.

दुसरी लिंकरची, म्हणजे कंपाइल झालेल्या फाइली जोडणाऱ्याची. हेडर सापडला, पण .सी फाइल कंपाइलच झाली नाही. नवे फोल्डर कोअरच्या बाहेर ठेवले की हे होते. प्रॉपर्टीज → सी/सी++ जनरल → पाथ्स अँड सिम्बॉल्स → सोर्स लोकेशन इथे ते जोडा. तिथे असूनही एरर असेल तर फाइल बिल्डमधून वगळलेली आहे का पाहा (राइट क्लिक → रिसोर्स कॉन्फिगरेशन्स → एक्सक्लूड फ्रॉम बिल्ड). खात्रीचा पुरावा कन्सोलमध्ये असतो: क्लीन करून बिल्ड करा आणि तुमच्या फाइलीचे नाव असलेली कंपाइलची ओळ येते का बघा. ओळ नाही, तर फाइल बिल्डमध्ये नाही. सी++ मधून सीचे फंक्शन बोलावताना हाच एरर आला तर प्रश्न १५.

तिसरी बहीण 'मल्टिपल डेफिनिशन'. जुना प्रोजेक्ट नव्या आयडीईत आणल्यावर ही अचानक उगवते. हेडरमध्ये व्हेरिएबल थेट लिहिले असेल तर जीसीसीच्या ९ पर्यंतच्या आवृत्त्या चालवून घेत, १० पासून घेत नाहीत. हेडरमध्ये 'एक्स्टर्न' लावा आणि खरे व्हेरिएबल एकाच .सी फाइलीत ठेवा.

८. डीबगमध्ये झकास चालते, रिलीजमध्ये बिल्डच होत नाही किंवा बोर्ड गप्प बसतो.

बिल्ड होत नसेल तर इन्क्लूड पाथ किंवा सिम्बॉल फक्त डीबगसाठी जोडला गेला आहे. सेटिंग प्रत्येक कॉन्फिगरेशनची वेगळी असते. प्रॉपर्टीजच्या खिडकीत वर 'कॉन्फिगरेशन'ची यादी आहे, तिथे 'ऑल कॉन्फिगरेशन्स' निवडून मगच जोडायची सवय लावा.

बिल्ड होते पण चालत नसेल तर संशय कोडवर घ्या. डीबगमध्ये ऑप्टिमायझेशन शून्य असते, रिलीजमध्ये आकार कमी करणारे. इंटरप्टमध्ये बदलणाऱ्या फ्लॅगला 'व्होलटाइल' नसेल तर कंपायलर तो एकदाच वाचतो आणि लूप कायमचा अडकतो. रिकाम्या फॉर लूपने केलेला डिले तर साफ नाहीसा होतो.

९. फ्लॅश ओव्हरफ्लो झाला म्हणतो. चिप बदलावी का?

आधी बिल्ड ॲनलायझर उघडा, जागा कोण खाते ते फंक्शननिहाय दिसते. डीबग कॉन्फिगरेशनलाच ओव्हरफ्लो येत असेल तर ऑप्टिमायझेशन 'ओएस' (आकार कमी करणारे) करून पाहा, कोड बराच आटतो.

प्रिंटएफमध्ये फ्लोट छापण्याची सोय चालू असेल तर ती काही केबी खाते. ती प्रॉपर्टीज → सी/सी++ बिल्ड → सेटिंग्ज → एमसीयू सेटिंग्जमध्ये आहे आणि मुळात बंद असते. म्हणूनच फ्लोटच्या जागी रिकामे छापले जाते, हाही नेहमीचा प्रश्न. तापमान २७.४ छापायला ती सोय लागत नाही. दहाने गुणून पूर्णांक करा, मधे टिंब छापा.

१०. पहिल्यांदा कोड नीट गेला. आता एसटी-लिंक (प्रोग्रामर) बोर्ड ओळखतच नाही. चिप जळली?

जळलेली नाही. एफ१ मालिकेत (ब्लू पिलची चिप) एसवायएसमधले डीबग 'नो डीबग' राहिले तर जनरेट झालेला कोड सुरू होताच जेटॅग आणि एसडब्ल्यूडी (प्रोग्रामरने चिपशी बोलायचे मार्ग) दोन्ही बंद करतो. पीए१३ आणि पीए१४ या एसडब्ल्यूडीच्या पिना सुटतात आणि प्रोग्रामर दाराबाहेर राहतो.

ब्लू पिलवर बूट० चा जंपर १ वर करा, रीसेट दाबा. आता चिप स्वतःच्या रॉममधला बूटलोडर (सुरुवातीला चालणारा छोटा प्रोग्राम) चालवते, तुमचा कोड नाही, त्यामुळे एसडब्ल्यूडी जिवंत असते. क्यूबप्रोग्रामरने (फ्लॅश लिहिणारा-पुसणारा एसटीचा प्रोग्राम) जोडून फ्लॅश पूर्ण पुसा, जंपर परत ० वर, .आयओसीमध्ये 'सीरियल वायर', पुन्हा जनरेट. जंपरला हात न लावता 'अंडर रीसेट' मोडनेही जमते, पण त्यासाठी एनआरएसटीची (रीसेटची) वायर प्रोग्रामरला जोडलेली हवी. चार वायरींच्या जोडणीत ती नसते.

११. 'कुड नॉट व्हेरिफाय एसटी डिव्हाइस' म्हणजे काय?

चिप एसटीची नाही. स्वस्त ब्लू पिलवर बऱ्याचदा नक्कल असते आणि एसटी-लिंकचा जीडीबी सर्व्हर ती नाकारतो. डीबग कॉन्फिगरेशन्स → डीबगर टॅबमध्ये प्रोब 'एसटी-लिंक ओपनओसीडी' करा, म्हणजे ओपनओसीडी हा दुसरा, मुक्त सर्व्हर चालेल. ओपनओसीडीही आयडी जुळत नाही म्हणून थांबला (अपेक्षा हेक्स १बीए०१४७७ ची, काही नकला देतात २बीए०१४७७), तर 'यूझर डिफाइन्ड' स्क्रिप्ट निवडून तिच्यात सीपीयूटॅपआयडी शून्य करा, म्हणजे तो तपासणार नाही. आपोआप बनलेल्या स्क्रिप्टमध्ये बदल करू नका, ती परत लिहिली जाते. शिकायला अशी चिप चालेल, विकायच्या वस्तूत नको.

१२. कोड बदलला, बिल्डही झाला, बोर्डवर मात्र जुनेच चालतेय.

डीबग कॉन्फिगरेशन्समध्ये 'सी/सी++ ॲप्लिकेशन'च्या रकान्यात कुठली ईएलएफ आहे ते वाचा. दुसऱ्या प्रोजेक्टची असेल (प्रश्न ६), किंवा तुम्ही रिलीज बिल्ड करताय आणि रकान्यात डीबग फोल्डरातली असेल. हातोडा (बिल्डचे बटण) दाबताना एक्सप्लोररमध्ये कुठला प्रोजेक्ट निवडलेला आहे तेही पाहा. नको ते प्रोजेक्ट राइट क्लिक → क्लोज अनरिलेटेड प्रोजेक्ट्सने मिटवा.

हेक्स फाइल लोड करत असाल आणि ती जुनीच राहत असेल, तर प्रॉपर्टीज → सी/सी++ बिल्ड → सेटिंग्ज → एमसीयू पोस्ट बिल्ड आउटपुट्समध्ये 'कन्व्हर्ट टू इंटेल हेक्स'ची टिक नाही. फोल्डरात दिसतेय ती कधीतरी पूर्वी बनलेली.

१३. यूएआरटीवर नुसता कचरा येतो. बॉड रेट दोन्हीकडे ११५२०० च आहे.

क्लॉक कॉन्फिगरेशनमधला क्रिस्टल आणि बोर्डवरचा क्रिस्टल वेगळे आहेत. आधी एलईडीने तपासा. एका सेकंदाचा डिले द्या. प्रोजेक्टमध्ये ८ लिहिले असेल, बोर्डवर २५ मेगाहर्ट्झ असेल आणि चिप पीएलएलशिवाय (पीएलएल म्हणजे क्लॉक वाढवणारे सर्किट) थेट क्रिस्टलवर चालत असेल, तर एलईडी सुमारे ०.३२ सेकंदांनी बदलेल आणि ११५२०० चे प्रत्यक्षात ३६०००० होतील.

पीएलएल वापरत असाल तर याहून वाईट. भाजक ८ ठेवलेला असेल तर पीएलएलला १ ऐवजी ३.१२५ मेगाहर्ट्झ मिळतात आणि एफ४११ मध्ये मर्यादा १ ते २ ची आहे. मग चिप कधी चालते, कधी नाही. आकडा .आयओसीमध्ये बदला, कॉन्फिग हेडरमध्ये हाताने नको, पुढच्या जनरेटला तो परत जुना होईल.

१४. बूटलोडरसाठी ॲप्लिकेशन १६ केबी पुढे सरकवले. मेनपर्यंत येते, मग डिलेमध्ये अडकते.

लिंकर स्क्रिप्ट बदललीत, व्हेक्टर टेबल (इंटरप्ट आला की कुठल्या फंक्शनकडे जायचे त्याची यादी) सरकवले नाही. दोन्ही बदल हवेत.

ब्लू पिलवर .एलडी फाइलीत फ्लॅशचे ओरिजिन हेक्स ०८००४००० आणि लेंग्थ ४८के करा. मग 'सिस्टिम_एसटीएम३२एफ१एक्सएक्स' या .सी फाइलीत 'यूझर व्हेक्ट टॅब ॲड्रेस'ची कॉमेंट केलेली ओळ उघडा आणि 'व्हेक्ट टॅब ऑफसेट' हेक्स ४००० करा. हे नसेल तर सिसटिक टायमरचा पहिला इंटरप्ट बूटलोडरच्या टेबलमध्ये जातो, मिलिसेकंद मोजले जात नाहीत आणि एचएएलचा (एसटीची ड्रायव्हर लायब्ररी) डिले संपतच नाही. बूटलोडरने उडी मारण्याआधी इंटरप्ट बंद केले असतील आणि ॲप्लिकेशनने परत चालू केले नसतील, तरी लक्षण हेच.

मूळ .एलडी बदलण्यापेक्षा तिची वेगळ्या नावाची प्रत करा आणि एमसीयू जीसीसी लिंकर → जनरलमध्ये तिचे नाव द्या. म्हणजे बूटलोडरशिवायचे कॉन्फिगरेशनही शाबूत राहते (प्रश्न १६).

१५. सी++ वापरायचे आहे. मेन डॉट सीचे नाव मेन डॉट सीपीपी केले, आता दोन मेन झाले.

जनरेटरला फक्त मेन डॉट सी माहीत असते, ती सापडली नाही की तो नवी लिहितो. नाव परत जुने करा. प्रोजेक्टवर राइट क्लिक → कन्व्हर्ट टू सी++. मग ॲप डॉट सीपीपी लिहा आणि मेनमधून बोलवायचे फंक्शन 'एक्स्टर्न "सी"' खाली जाहीर करा. उलट दिशेने, तुमच्या सीच्या हेडरलाही हेच कुंपण लागते, नाहीतर नाव असूनही 'अनडिफाइन्ड रेफरन्स'. सी++ मध्ये लिहिलेल्या इंटरप्ट हँडलरला ते राहिले तर एररही येत नाही: स्टार्टअप फाइलीतला रिकामा हँडलर चालतो आणि चिप तिथेच फिरत बसते.

१६. एकाच कोडवर हार्डवेअरच्या दोन आवृत्त्या चालवायच्या आहेत. दोन प्रोजेक्ट करू?

पिना त्याच असतील तर नको. प्रोजेक्ट → बिल्ड कॉन्फिगरेशन्स → मॅनेज → न्यू, डीबगवरून प्रत काढा. नव्या कॉन्फिगरेशनच्या प्रीप्रोसेसरमध्ये आवृत्तीचा सिम्बॉल जोडा, लागली तर लिंकर स्क्रिप्ट वेगळी द्या. ईएलएफ आता नव्या फोल्डरात बनेल, डीबग कॉन्फिगरेशनही वेगळे करा.

पिना किंवा चिप वेगळी असेल तर मात्र दोन प्रोजेक्टच बरे, कारण एका प्रोजेक्टला .आयओसी एकच. सामाईक कोड बाहेरच्या फोल्डरात ठेवून दोन्हींत लिंक करा. लिंक करताना पाथ प्रोजेक्टच्या जागेपासून सापेक्ष घ्या.

१७. गिटमध्ये काय टाकायचे, काय नाही?

टाका: कोअर, ड्रायव्हर्स, .आयओसी, .प्रोजेक्ट, .सीप्रोजेक्ट, .एमएक्सप्रोजेक्ट, .एलडी. वगळा: डीबग, रिलीज, .मेटाडेटा. '.सेटिंग्ज' फोल्डरातली 'लँग्वेज डॉट सेटिंग्ज' फाइल प्रत्येक मशीनवर स्वतःचा हॅश बदलते आणि उगाच डिफ दाखवते, तीही वगळा.

कोड जनरेट करण्याआधी कमिट, आणि जनरेट झाल्यावर दुसरा कमिट ज्यात तुमची एकही ओळ नाही. मग जनरेटरने काय हलवले ते डिफमध्ये स्वच्छ दिसते. जुनी .आयओसी उघडताना 'मायग्रेट' विचारले तर चालू प्रोजेक्टवर लगेच हो म्हणू नका, त्याने एचएएलची आवृत्ती बदलते. त्यासाठी वेगळी ब्रँच काढा.

१८. केईल या दुसऱ्या आयडीईमधला प्रोजेक्ट थेट उघडेल का?

नाही. .आयओसी असेल तर क्यूबएमएक्समध्ये टूलचेन बदलून वेगळ्या फोल्डरात जनरेट करा आणि स्वतःच्या फाइली हलवा. स्टार्टअप फाइल आणि स्कॅटर फाइल (तिथली लिंकर स्क्रिप्ट) केईलची आणू नका. स्टार्टअपची भाषा आर्मच्या असेंब्लरची असते आणि स्कॅटर फाइल जीसीसीच्या लिंकरला कळत नाही.

१९. बिल्ड शून्य एररने होतो, पण एडिटरमध्ये लाल रेघा जात नाहीत.

इंडेक्सर मागे पडलाय. प्रोजेक्टवर राइट क्लिक → इंडेक्स → रीबिल्ड. कन्सोलचे खरे माना, रेघांचे नाही.